धुळीआडचा नवतारा

आकाशाचं टपाल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : एक नवतारा (म्हणजे स्फोट होऊन एकाएकी उजळलेला तारा) सापडला, तो धुळीमुळे लाल झालेला आहे आणि मोठ्या दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतल्यावर तो नवताराच असल्याची खात्री पटली, असं वाचनात आलं. माझा गोंधळ असा : वर्णपट म्हणजे शेवटी रंगच ना? मधल्या धुळीने रंगच बिघडवले असतील तर त्याच बिघडलेल्या रंगांवरून खरं कसं कळणार? साक्षीदारच फुटलेला असेल तर साक्ष कशी धरायची? आणि ही लाली म्हणजे दूरच्या दीर्घिकांची ताम्रसृती म्हणतात तीच का?
— एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : साक्षीदार फुटलेला नाही, सर. त्याचा नुसता आवाज बसलाय. शब्द जसेच्या तसे आहेत.

सोलापुरातल्या आमच्या घराची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. दर एकादशीला पलीकडे भजन असतं. भिंतीतून टाळांची किणकिण जवळजवळ येतच नाही, मृदंगाचा घुमारा मात्र आमच्या मांडणीवरच्या भांड्यांपर्यंत पोचतो. तरी कोणता अभंग चाललाय हे मला दुसऱ्या ओळीला कळतं. भिंतीने चढे आवाज खाल्ले, चाल तीच राहिली. ताऱ्यांच्या मधली धूळ हेच करते. तिचे कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे असतात. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी या मापाला जवळची, म्हणून निळा प्रकाश जास्त शोषला आणि विखुरला जातो. लाल त्यामानाने निसटतो आणि अवरक्त, म्हणजे लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तर बराचसा पार होतो.

आता ताम्रसृती, म्हणजे आपल्यापासून दूर जाणाऱ्या दीर्घिकांच्या (ताऱ्यांच्या महासमूहांच्या) प्रकाशात दिसते ती. तिच्यात अख्ख्या भजनाची पट्टीच उतरते. टाळ आणि मृदंग दोन्ही ऐकू येतात, पण सगळे स्वर एकाच प्रमाणात खाली सरकलेले असतात. वर्णपटातल्या रेषा (प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीलाच प्रकाश देतं किंवा शोषतं, त्याच्या या खुणा) आपल्या जागा सोडून लाल टोकाकडे जातात. धूळ एकाही रेषेला जागेवरून हलवू शकत नाही. हायड्रोजनची लाल रेषा 6563 अँगस्ट्रॉमला असते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). मध्ये धुळीचा डोंगर आला तरी ती रेषा 6563 लाच दिसणार, फक्त मंद होऊन. धुळीने होणारी लाली आणि ताम्रसृती या दोन गोष्टींची गल्लत पदवीच्या वर्गातली मुलंही करायची, आणि पुस्तकं त्या वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात म्हणूनच ती होते, असं माझं मत आहे. दोन्ही एका फळ्यावर शेजारी-शेजारी काढाव्यात.

नवताऱ्याची ओळख पटते ती रेषांच्या जागांवरून आणि त्यांच्या आकारावरून. रंगाचा अधिकार फार थोडा.

एक खरी घटना सांगते. सप्टेंबर 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या गॅटिनी-आयआर या दुर्बिणीला हंस तारकासमूहात एक नवा ठिपका दिसला. ही दुर्बीण फक्त 30 सेंटिमीटरची, पण ती एका वेळी 25 चौरस अंश आकाश टिपते, म्हणजे सव्वाशे पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं, आणि तेही 1.2 मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हंसाच्या पोटातून आकाशगंगेचा जो काळा पट्टा जातो, तो ऑक्टोबरच्या संध्याकाळी गावाबाहेर गेलात तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल. तो काळा पट्टा म्हणजे धूळच. त्या भागातला हा तारा. पुढे त्याला व्ही 2891 सिग्नी हे नाव मिळालं. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेच्या (पीआरएल) संशोधकांनी माउंट अबूच्या गुरुशिखरावरून 1.2 मीटरच्या दुर्बिणीने त्याचा पिच्छा पुरवला आणि देशोदेशीच्या सहकाऱ्यांबरोबर मिळून 15 महिन्यांचा हिशेब 2022 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या दोन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर बसून माणसं हे करताहेत, हे बार्शीपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं.

त्या ताऱ्याच्या वाटेत किती धूळ आहे? ताऱ्याचा निळा आणि पिवळा प्रकाश मोजायचा, मूळचा फरक किती असायला हवा होता ते पाहायचं आणि जादा लाली किती चढली ते काढायचं. इथे ती 2.21 प्रती निघाली (प्रत म्हणजे ताऱ्याचं तेज मोजायचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). आकाशगंगेतल्या सर्वसाधारण धुळीसाठी या आकड्याला 3.1 ने गुणलं की एकूण मंदावणं मिळतं : सुमारे 6.85 प्रती. प्रतीचं गणित गुणाकाराचं असतं, तेव्हा 6.85 प्रती म्हणजे प्रकाश साडेपाचशे पटींनी कमी. तिथून निघालेल्या साडेपाचशे पिवळ्या-हिरव्या किरणांपैकी एक आपल्यापर्यंत पोचतो! 1.2 मायक्रॉनला तोच हिशेब सहातल्या एकाचा होतो आणि 2.2 मायक्रॉनला जवळजवळ निम्मा प्रकाश सुखरूप येतो. गॅटिनीला तो दिसला याचं कारण एवढंच. तारा आपल्यापासून सुमारे 18 हजार प्रकाशवर्षं दूर आहे.

अशा ताऱ्याचा वर्णपट पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा डावीकडचा निळा भाग जवळपास रिकामा असतो. एरवी नवतारा ओळखायला आपण तिथेच बघतो : हायड्रोजनची 4861 ची रेषा आणि लोखंडाच्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या 4924, 5018, 5169 या तीन रेषा. धुळीने त्यांचाच गळा धरलेला असतो. म्हणून नजर उजवीकडे न्यायची. 6563 ची हायड्रोजन रेषा सगळ्यांच्या वर डोकं काढून उभी असते. पुढे ऑक्सिजनची 7773 आणि 8446, मग कॅल्शियमचं त्रिकूट 8498, 8542, 8662. त्याच्याही पलीकडे अवरक्तात हायड्रोजनच्या आणखी रेषा, आणि 1.16 ते 1.18 मायक्रॉनच्या आसपास कार्बनच्या. ठळक रेषांवरून नवताऱ्यांचे दोन वर्ग करतात. लोखंडी रेषांच्या वर्गातल्या नवताऱ्यांत या कार्बन रेषा जोरात असतात आणि हेलियम-नायट्रोजन वर्गात त्या सापडत नाहीत, हा भेद माउंट अबूवरूनच पीआरएलच्या बॅनर्जी आणि अशोक यांनी वर्षानुवर्षं निरीक्षणं करून पक्का केला. धुळीत बुडालेल्या ताऱ्यांसाठी याचा केवढा उपयोग आहे बघा : निळा भाग नसला तरी वर्ग ठरवता येतो.

आता रेषेचा आकार, आणि खरी साक्ष इथेच आहे. नवताऱ्यात श्वेतबटूने (इंधन संपून आकसलेल्या छोट्या, दाट ताऱ्याने) सोबतच्या ताऱ्याकडून ओढून घेतलेल्या हायड्रोजनच्या थराचा भडका उडतो आणि तो वायू चहूबाजूंनी फेकला जातो. जो वायू नेमका आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आहे तो आपल्याकडे येतोय, म्हणून त्याचं शोषण रेषेच्या निळ्या बाजूला खड्डा पाडतं. बाकी चहूकडचा वायू उजेड देतो, त्याचा रुंद उंचवटा होतो. खड्डा आणि त्याला लागून डोंगर, अशी जोडी. समजा 6563 च्या रेषेचा खड्डा 6541 वर पडला. फरक 22 अँगस्ट्रॉम. 22 ला 6563 ने भागा आणि प्रकाशाच्या वेगाने गुणा : सेकंदाला साधारण 1,000 किलोमीटर. आठवीतला विद्यार्थी हे गणित सोडवील. शेकडो ते काही हजार किलोमीटर हा नवताऱ्याचा वेग. धूळ हा आकडा एका किलोमीटरनेही बदलू शकत नाही. व्ही 2891 सिग्नीच्या ऑक्सिजनच्या 7773 रेषेत हे खड्डे वेळोवेळी बदलत गेले आणि त्यावरून वायू एका दणक्यात गेला नसून अनेक हप्त्यांत फेकला गेला, हेही कळलं.

तुम्ही विचाराल, एवढं कशाला? अचानक उजळला म्हणजे नवताराच, नाही का? नाही. मी स्वतः यात चुकलेली आहे. निरीक्षणाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. धनू राशीच्या एका फोटोत मला नकाशात नसलेला लालसर तारा दिसला. आकाशगंगेचा मध्य तिकडेच, धूळ भरपूर, मी मनाशी ठरवून टाकलं की हा धुळीने लाल झालेला नवतारा. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या रात्री ग्रेटिंग (प्रकाश रंगांत पसरवणारी बारीक रेघांची काच) लावून वर्णपट घेतला तर सगळा पट करवतीच्या दात्यांसारखा : एक बाजू उभी तुटलेली, दुसरी तिरकी उतरती, पुन्हा तसंच. 7054 अँगस्ट्रॉमपाशी तर कडाच. हे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे. रेणू टिकायला तारा थंड लागतो. तो मीरा वर्गातला रूपविकारी (तेज कमी-जास्त होत राहणारा) तारा होता, म्हातारा, फुगलेला, स्वभावानेच लाल, आणि आपल्या नेहमीच्या फेऱ्यात तेजाच्या शिखरावर आला होता. धुळीने लाल झालेला आणि मुळात लाल असलेला, दोघे फोटोत सारखेच दिसतात. वर्णपटात त्यांची गल्लत होऊच शकत नाही. त्या रात्रीची वही मी जपून ठेवली आहे. नंतर वर्गात शिकवताना मुलांसमोर तेच पान उघडायचे.

याहून अवघड सोंगं आहेत. जन्मकाळच्या धुळीत गुरफटलेले तरुण तारेही एकाएकी उजळतात. त्यांना धूळही असते आणि कधी कधी तसा खड्डा-डोंगरही असतो. तिथे अवरक्तातले कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे आणि लोखंडाच्या रुंद तेजस्वी रेषांचा अभाव कामी येतो. आकाशगंगेच्या आडून डोकावणारा एखाद्या दूरच्या दीर्घिकेतला अतिनवतारा (अख्ख्या ताऱ्याचा स्फोट) असेल तर त्याच्या रेषा सेकंदाला 10 हजार किलोमीटरच्या घरात रुंदावलेल्या असतात. आणि एक जात अशी आहे की तिने सगळ्यांनाच चकवलं. जानेवारी 2002 मध्ये व्ही 838 मोनोसेरोटिस हा तारा उजळला, सुरुवातीला तो नवतारा वाटला. पण नवतारा दिवसेंदिवस जास्त तप्त दिसत जातो, त्याचा वायू विरळ होऊन आतला तप्त भाग उघडा पडतो. हा उलट थंड आणि लाल होत गेला. सप्टेंबर 2008 चा व्ही 1309 स्कॉर्पी तसाच. सुदैवाने त्या जागेची आधीच्या वर्षांची मापं आकाशाची वर्षानुवर्षं तेजमापं घेणाऱ्या पोलंडच्या ओगल प्रकल्पाकडे होती. ती काढल्यावर दिसलं की तिथे साधारण 1.4 दिवसांत एकमेकांभोवती फिरणारी जोडी होती आणि तो काळ कमी कमी होत गेला होता. दोन तारे एकमेकांत मिसळले होते. म्हणून एका वर्णपटावर थांबू नये. दोन आठवड्यांनी दुसरा घ्यावा आणि प्रवास कोणत्या दिशेने चाललाय ते बघावं.

तुमच्या प्रश्नातला एक उपप्रश्न मी स्वतःच काढते. लाली धुळीची आहे हे तरी कशावरून? त्याची खूण धूळच ठेवून जाते. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या योहानेस हार्टमान यांना 1904 मध्ये मृगाच्या पट्ट्यातल्या एका जुळ्या ताऱ्याच्या वर्णपटात कॅल्शियमची एक रेषा अशी दिसली की तारा मागे-पुढे होताना बाकी रेषा हलत आणि ही मात्र जागची हलत नसे. ती ताऱ्याची नव्हतीच, वाटेतल्या वायूची होती, आणि धूळ या वायूच्या सोबतच असते. सोडियमच्या 5890 आणि 5896 या रेषाही अशाच वाटेतल्या. पण धूळ फार असली की सोडियमची रेषा तळाला टेकते. माप भरून वाहिलं की पुढे किती ओतलं हे मापाला कळत नाही, तसं होतं. मग पोटॅशियमची 7699 ची रेषा घ्यावी लागते, किंवा 5780 आणि 6614 च्या आसपासचे पुसट पट्टे. शंभर वर्षांपूर्वी मेरी ली हेगर यांनी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत अशा पट्ट्यांची पहिली नोंद केली. असे शेकडो पट्टे आज माहीत आहेत आणि ते कोणत्या रेणूंचे हे बहुतेकांच्या बाबतीत अजून कोडंच आहे. 60 कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूचे, तेही एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या, एवढे थोडे काय ते 2015 मध्ये प्रयोगशाळेत पक्के जुळले. पट्टा कोणाचा हे माहीत नसताना त्याच्या खोलीवरून धूळ मोजता येते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हायड्रोजनच्या दोन रेषांच्या प्रमाणावरूनही धूळ मोजतात. 6563 आणि 4861 यांचं प्रमाण विरळ वायूत 2.86 असतं आणि व्ही 2891 सिग्नीएवढी धूळ मध्ये असेल तर ते 25 च्या आसपास जातं. मात्र स्फोटाच्या पहिल्या दिवसांत वायू इतका दाट असतो की हे प्रमाण धुळीशिवायही बिघडलेलं असतं. घाईने हे सूत्र वापरलेलं दिसलं की मला चुटपुट लागते. महिनोन्महिने थांबून, वायू विरळ झाल्यावरच ते वापरावं.

प्रश्न : नवताऱ्यातून धूळ तयार होते असंही ऐकलं. इतक्या तप्त जागी धूळ कशी टिकेल? आणि वाटेतली धूळ कोणती, ताऱ्याची स्वतःची कोणती, हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

15 मार्च 2015 ला ऑस्ट्रेलियातल्या जॉन सीच यांनी धनू राशीत नवतारा शोधला. व्ही 5668 सॅजिटारी. सहाच दिवसांनी गुढीपाडवा होता. आदल्या दिवशीची अमावास्या, म्हणून पहाटेचं आकाश काळंभोर. साडेचारला मी गच्चीवर गेले. खाली सासूबाई कडुलिंबाचा पाला निवडत होत्या, त्यांचा आवाज वर येत होता. आग्नेयेला धनूच्या ताऱ्यांची ती चहाच्या किटलीसारखी आकृती वर आलेली, आणि तिच्यात कालपर्यंत नसलेला एक तारा, दुर्बिणीशिवाय दिसणारा. साधारण 4.3 प्रतीचा. तो त्याच दिवशी तेजाच्या शिखरावर होता हे मला नंतर कळलं. माझ्या आठ इंची दुर्बिणीला मिलिमीटरला 100 रेषांचं ग्रेटिंग लावून फोटो घेतला : एक लांब सपाट पट्टी, तिच्यात बारीक खळगे. आठवड्याने घेतलेल्या फोटोत लाल टोकाला एक टपोरा मणी होता. 6563. सासूबाईंना बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, "कुंकवाचा टिकला." माझ्या वहीत त्या नोंदीसमोर तेच लिहिलेलं आहे.

एप्रिल आणि मे भर तो वर-खाली करत राहिला. जूनच्या सुरुवातीपासून मात्र बुडायला लागला. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस फिरकला नाही, ढग मात्र रोज, त्यामुळे मला ते बुडणं दिसलं नाही. देशोदेशीच्या निरीक्षकांच्या मापांवरून समजलं की काही आठवड्यांत तो बाराव्या प्रतीच्याही खाली गेला. ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं तेव्हा पाडव्याला नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला तारा दुर्बिणीत एक क्षीण ठिपका होता. तारा विझला नव्हता. त्याने स्वतःच फेकलेल्या वायूत धूळ जमली होती आणि त्या पडद्याआड तो गेला होता. 1934 च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये प्रेंटिस यांनी शोधलेल्या डीक्यू हर्क्युलिसचंही पुढच्या वसंतात असंच झालं. 1970 मध्ये एफएच सर्पेंटिसवर अवरक्त मोजमाप झालं तेव्हा पडद्यामागचा हिशेब लागला : दृश्य प्रकाश जेवढा हरवत होता तेवढाच अवरक्त वाढत होता. धूळ उजेड खाते, तापते आणि उष्णतेच्या रूपाने परत देते.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वाटेतली धूळ पहिल्या रात्रीपासून असते आणि शेवटपर्यंत तेवढीच राहते. सोडियम-पोटॅशियमच्या रेषा, ते पुसट पट्टे, काहीच बदलत नाही. ताऱ्याची स्वतःची धूळ काही आठवड्यांनी येते, प्रकाशाचा आलेख कोसळतो, अवरक्त चढतो आणि पुढे धूळ पांगली की तारा थोडा वर येतो. रेषांमध्येही एक खूण मिळते. धूळ कवचाच्या आत असते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने दूर जाणारा वायू तिच्या आड जातो. रेषेची लाल बाजू खचते आणि निळी बाजू उरते. वाटेतली धूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखंच वागवते, तिला असा पक्षपात जमत नाही.

टिकते कशी, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. आतल्या श्वेतबटूचे जंबुपार (अतिनील) किरण कार्बनच्या अणूंना एकत्र बसू देणार नाहीत असं वाटतं. गेल्या काही वर्षांत पुढे आलेलं उत्तर असं : आधी हळू निघालेला वायू आणि मागून वेगाने आलेला वायू एकमेकांवर आदळतात. आदळण्याच्या जागी काही भाग लाखो अंशांपर्यंत तापतो, पण त्याच्या मागे दाबला गेलेला वायू दाट होऊन झपाट्याने निवतो. दाट, थंड आणि किरणांपासून आडोसा मिळालेला असा तो पातळ थर. धुळीला हवी ती बाळंतिणीची खोली तिथे मिळते. व्ही 5668 सॅजिटारीकडून फर्मी उपग्रहाला गॅमा किरणही मिळाले होते, म्हणजे आदळआपट तिथे होतीच. आणि व्ही 2891 सिग्नीत तर धूळ तयार होत असतानाच सूर्याच्या प्रभामंडलात दिसतात तशा अतितप्त वायूच्या रेषा झळकत होत्या. गरम आणि गार एकाच वेळी. अबूच्या गटाने त्याचा अर्थ हाच लावला की धूळ मुख्यतः या आघातांनी घडवली. मला तो अर्थ पटतो.

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात आठ इंची दुर्बीण पडून आहे. तिने मला धुळीने लाल झालेला नवतारा ओळखता येईल का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अगदी लाल झालेला नाही येणार, ते आत्ताच सांगते. त्याला मोठा आरसा आणि अवरक्त कॅमेरा लागतो. दृश्य प्रकाशात दरवर्षी आपल्या आकाशगंगेत 10 च्या आसपास नवतारे सापडतात. गॅटिनीच्या सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज मात्र वर्षाला 44 च्या आसपास स्फोटांचा आहे, मोठ्या घट-वाढीच्या शक्यतेसह. उरलेल्यांपैकी पुष्कळ धुळीआड हरवतात. पण जे 10 सापडतात त्यांतले काही आठव्या प्रतीपर्यंत उजळतात, आणि ते तुझ्या दुर्बिणीच्या आवाक्यात आहेत. थोडी लाली असलेलाही मिळेल.

दुर्बीण पडून आहे हे वाचून वाईट वाटलं. प्राचार्यांना सांगून आधी आरसा बघ, बुरशी असेल तर स्वतः पुसू नकोस. मिलिमीटरला 100 रेषांचं ग्रेटिंग फिल्टरसारखं स्क्रू होऊन कॅमेऱ्यापुढे बसतं. पहिले दोन महिने एकच तारा घे : अभिजित. त्याच्या हायड्रोजनच्या शोषण रेषा इतक्या ठसठशीत असतात की कुठल्या पिक्सेलला कोणती तरंगलांबी हे तू स्वतः बसवू शकतेस. 7600 च्या आसपास एक खोल खळगा दिसेल, तो ताऱ्याचा समजू नकोस. तो आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा, आणि तो रोज तिथेच असतो म्हणून मोजपट्टी म्हणून कामाला येतो. मग ज्येष्ठा घे, टायटॅनियम ऑक्साइडचे करवती दाते ओळखीचे होतील. माझी चूक तुला करावी लागणार नाही.

नवा ठिपका दिसला तर ओरडण्याआधी रूपविकारी ताऱ्यांची आंतरराष्ट्रीय सूची आणि त्या रात्रीच्या लघुग्रहांच्या जागा तपास, आणि अर्ध्या तासाने दुसरा फोटो घे. ठिपका सरकला तर लघुग्रह, दुर्बीण थोडी हलवल्यावर जागा बदलली तर भिंगातलं प्रतिबिंब. जमलं तर एकदा गिरवलीला जाऊन ये. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने 80 किलोमीटरच्या आसपास, तिथे आयुकाची (पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेची) दोन मीटरची दुर्बीण 2006 पासून आहे आणि तिच्यावर फटीतून वर्णपट घेणारं उपकरण बसवलेलं आहे. आपल्या ग्रेटिंगला फट नसते, त्यामुळे शेजारच्या ताऱ्यांच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात. आकाशगंगेच्या गर्दीत हा त्रास जास्त. कॅमेरा फिरवून पट्टीची दिशा बदलली की बहुतेक वेळा रिकामी जागा मिळते. मी कॅमेऱ्याच्या नळीवर नेलपॉलिशने चार खुणा करून ठेवल्या होत्या.

पावसाळा संपला की संध्याकाळी अभिजित आणि हंस दोन्ही डोक्यावर असतील. पहिला वर्णपट काढलास की मला पाठव. कच्ची फाइल, जशी आहे तशी, वर भारतीय प्रमाणवेळ आणि किती सेकंदांचा फोटो ते लिहून. त्याच रात्रीचा अभिजितचाही जोडायला विसरू नकोस, त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.